कायद्याची ओळख : व्याख्येचे कलम आधी वाचा

तिरोड्याचा असो की आमगावचा, एखादा मजूर पोलीस कोठडीत मार खाऊन घरी येतो, तेव्हा मानवी हक्क आयोगाच्या अर्जात पहिले वाक्य सुचते ते असे : ‘१९४८ च्या जाहीरनाम्याचा भंग झाला.’ भावना रास्त आहे. परंतु मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ चे कलम २ उघडून पाहा. ‘आंतरराष्ट्रीय करार’ म्हणजे काय, ते तिथेच ठरवून दिले आहे. १६ डिसेंबर १९६६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारलेले दोन करार : एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. जाहीरनाम्याचे नाव त्यात नाही! २००६ च्या दुरुस्तीने इतर करार अधिसूचना काढून जोडण्याची मुभा केंद्र सरकारला मिळाली. छळविरोधी करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण त्याला मान्यता देऊन तो स्वतःवर बंधनकारक करून घेतलेला नाही. तेव्हा त्याच्यावर भिस्त नको.

खरी मेख पुढेच आहे. करारातला हक्क भारतातील न्यायालयांना अंमलात आणता येण्याजोगा हवा, असेही तेच कलम म्हणते. म्हणून अर्जात आधी आपल्या संविधानाचे कलम २१ लिहा. त्याच्या जोडीला नागरी हक्कांच्या कराराचे कलम ७, ज्यात छळाला व अमानुष वागणुकीला मनाई आहे.

मुंबईला खेटे घालण्याचे कारण नाही, अर्ज टपालाने जातो. मात्र मारहाणीची तारीख नक्की घाला. एक वर्ष उलटले की कलम ३६ प्रमाणे आयोगाला चौकशी करता येत नाही. दवाखान्याच्या कागदाची प्रत सोबत जोडा, मूळ कागद घरी ठेवा.