स्टाइलशीटच्या हाती चाबी कशाला?

आधीच सांगून ठेवते, मी कॉन्व्हेंटची. मराठीत शेवटचा निबंध लिहिला तो दहावीत. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण विषय होस्टेलच्या पैशांचा आहे, म्हणून मराठीतच लिहायचं ठरवलं.

मागच्या सेमिस्टरला मेसच्या बिलांचं काम माझ्यावर आलं. सगळ्यांची हजेरी, गेस्ट, सुटीतली रिबेट एका एक्सएमएल फाइलमध्ये भरायची आणि तिच्यातून प्रत्येकीचं वेगळं बिल काढायचं. एक्सएमएल म्हणजे खुणांमध्ये बांधून ठेवलेली माहिती. टॅलीतून ती निघते, आधारच्या ऑफलाइन ई-केवायसीची फाइलही तीच असते. ही माहिती हव्या त्या रूपात मांडायचे नियम ज्यात लिहितात, ती एक्सएसएलटीची स्टाइलशीट.

एक्सएसएलटी 1.0 हे 1999 सालचं. त्यात ‘डॉक्युमेंट’ फंक्शननं दुसरी एक्सएमएल फाइल वाचता येते, पण जुनी फाइल पुसता येत नाही आणि निकालाची फाइलही एकच मिळते. मला तर एकशेवीस बिलं हवी होती! मग सापडलं एक्स्टेन्शन फंक्शन. वर एक नेमस्पेस लिहिली की स्टाइलशीटच्या आतून थेट जावाला हाक मारता येते. जुनं बिल डिलीट कर, नवीन लिही. मला वाटलं, जिंकलो आपण.

माझ्या लॅपटॉपवर सगळं छान चाललं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मात्र मी कमांड दिली ती चुकून मागच्या वर्षीच्या फोल्डरमधून. गोम अशी की ‘डॉक्युमेंट’ला दिलेला अर्धा पत्ता स्टाइलशीट जिथे आहे तिथून मोजला जातो, आणि जावाला दिलेला अर्धा पत्ता कमांड जिथून दिली तिथून. दर वाचले गेले बरोबर फोल्डरमधून, बिलं पुसली गेली मागच्या वर्षीची! रिसायकल बिनमध्ये पाहिलं तर काहीच नाही, कारण जावाचं डिलीट तिकडून जातच नाही. वर नवीन बिलांत मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. स्टाइलशीटमध्ये मी यूटीएफ-8 लिहिलं होतं, पण फाइल लिहीत होता जावा, त्याला त्याचं काय? तिथला जावा जुना. 2022 च्या जावा 18 पूर्वी विंडोजवर यूटीएफ-8 आपोआप धरलं जात नसे.

एका ज्युनिअरची दोन महिन्यांची रिबेट त्या जुन्या बिलांवरून परत मिळायची होती. तिच्या घरी तीन एकर कपाशी, बाकी काही नाही. तिच्यासाठी ती रक्कम लहान नव्हती. शेवटी मेसच्या मावशींच्या वहीवरून दोन रात्री जागून बिलं पुन्हा तयार केली. रूममेट म्हणालीच, “काऊन वं, एवढी इंजिनिअरिंग शिकून मावशीचीच वही कामी आली ना?”

चूक माझी, कबूल. पण त्यातून माझं एक मत पक्कं झालं. फाइल वाचणं आणि फाइल पुसणं या सारख्या गोष्टी नाहीत. मावशींनी दिलेल्या धान्याचा स्वयंपाक करायचा, कोठीची चाबी मेस सेक्रेटरीकडे, ही आपली पद्धत. स्टाइलशीटलाही तेवढंच काम द्यावं. शिवाय एक्सएसएलटी ही क्रमानं हुकूम सोडणारी भाषाच नाही. कोणता भाग आधी करायचा ते प्रोसेसर ठरवतो, आणि ज्याचा निकाल कुठेच वापरलेला नाही तो भाग गाळूही शकतो. मग ‘आधी पूस, मग लिही’ याची हमी कोण देणार?

सिनिअर म्हणतील, ईएक्सपाथचं फाइल मॉड्यूल आहे ना! त्यात फाइल आहे का बघणं, लिहिणं, पुसणं, सगळं ठरलेल्या नावांनी मिळतं. खरं आहे. फोल्डरमध्ये काय काय आहे ते बघायला मीही वापरीन. पण 2007 च्या एक्सएसएलटी 2.0 मध्ये ‘रिझल्ट-डॉक्युमेंट’ आलं, त्यानं एकाच वेळी कितीही फाइली निघतात. साध्या टेक्स्ट फाइलसाठी ‘अनपार्स्ड-टेक्स्ट’ आलं. म्हणजे माझी एकशेवीस बिलं जावाशिवाय निघाली असती! मी वाचलंच नव्हतं. आणि पुसायचंच असेल तर ते बाहेर, छोट्या स्क्रिप्टमध्ये करावं. तिथे क्रम डोळ्यांना दिसतो आणि पुसण्याआधी कॉपी काढता येते.

आपण एकमेकांच्या स्टाइलशीट पेन ड्राइव्हवरून बिनधास्त घेतो. ज्या स्टाइलशीटला फाइल पुसता येते तो अख्खा प्रोग्रामच झाला. म्हणूनच जावात ‘सिक्युअर प्रोसेसिंग’ची सोय आहे, ती चालू केली की एक्स्टेन्शन फंक्शन बंद होतात. ‘एक्सएसएलटीप्रॉक’लाही ‘नोराइट’ सांगता येतं. सर आणि मॅडमना विनंती, लॅबमध्ये हे पहिल्या दिवसापासून लावायला शिकवा.

कोणी म्हणेल, एक्सएसएलटी आता वापरतं कोण? 2025 मध्ये क्रोमनंही ते ब्राउझरमधून काढण्याचं जाहीर केलं. असू द्या. ते ब्राउझरमधून जाईल, पण चाबी कोणाच्या हाती द्यायची हा प्रश्न उद्याच्या प्रत्येक टूलसोबत पुन्हा येणारच आहे. तेव्हा पुढच्या मेस कमिटीला एवढंच सांगणं : बिलं कॉम्प्युटरवर खुशाल काढा, पण आधी बॅकअप घ्या. आणि मावशींची वही फेकू नका!