डाव, दैव आणि हिशेब

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये संमत केला आणि रमी व पोकर हे दोन्ही खेळ एकाच फटक्यात त्याच्या कक्षेत आले. त्याआधी महिनाभर, नाशिक जिल्ह्यातील सिन्नरचे प्रतिनिधित्व करणारे तत्कालीन कृषिमंत्री विधिमंडळाच्या सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप एका चित्रफितीवरून झाला होता. त्यांनी तो नाकारला. तथापि त्यांच्याकडील कृषी खाते जाऊन क्रीडा खाते आले. या योगायोगावर विनोद पुष्कळ झाले. मूळ प्रश्न मात्र विनोदात बुडून गेला. पत्त्यांच्या खेळात शिकण्याजोगे काही आहे काय, आणि असल्यास ते पैसे न लावता शिकता येईल काय, हा तो प्रश्न होय.

कायद्याने आजवर हा प्रश्न कौशल्य की दैव, एवढ्यापुरताच पाहिला. मुंबईच्या 1887 च्या जुगारप्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रमीला प्राधान्याने कौशल्याचा खेळ मानले, कारण तीत पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात. तीन पत्तीच्या वाट्याला ही प्रतिष्ठा आली नाही. पोकरला गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये जुगारच ठरविले. नव्या कायद्याने ऑनलाइन खेळांपुरता हा वादच निकालात काढला: पैसा लागला की कौशल्याचा बचाव चालणार नाही.

परंतु कायद्याने भेद मोडला म्हणून वस्तुस्थिती बदलत नाही. पोकरमध्ये कौशल्य आहे, आणि ते गणिताचे आहे. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने 1928 मध्ये खेळांच्या सिद्धांताचा पाया घातला आणि 1944 मध्ये ऑस्कर मॉर्गनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञासमवेत लिहिलेल्या ग्रंथात पोकरचे स्वतंत्र विवेचन केले. 2017 मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे एका संगणकाने चार निष्णात खेळाडूंना 1,20,000 डावांत हरविले. खेळ केवळ नशिबाचा असता, तर एवढ्या डावांत दोन्ही बाजू जवळपास बरोबरीतच राहिल्या असत्या.

हिशेबाची शिस्त

हे कौशल्य कशाचे असते, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. खेळाडूला बदामाची चार पाने दिसत आहेत; पाचवे आले की तो जिंकणार, न आले तर हरणार. शेवटचे एक पान उघडायचे आहे. न दिसलेली पाने 46, त्यांत बदामाची 9. मधोमध 300 चकत्या जमल्या आहेत आणि पुढे जाण्यासाठी 100 टाकाव्या लागणार आहेत. 46 वेळांपैकी 9 वेळा 300 मिळतील, म्हणजे 2,700. 37 वेळा 100 जातील, म्हणजे 3,700. डाव सोडणेच शहाणपणाचे. मात्र जमलेल्या चकत्या 500 असत्या, तर येणे 4,500 झाले असते आणि पुढे जाणे योग्य ठरले असते. पाने तीच, धैर्य तेच. बदलला तो हिशेब.

पद्धतशीर शिकणारा म्हणूनच आधी शक्यता मोजावयास शिकतो, मग प्रतिस्पर्ध्याच्या चालीवरून त्याच्या हातातील पानांचा अदमास बांधतो, प्रत्येक निर्णयाची वहीत नोंद ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे ती तपासतो. तपासताना तो जिंकलो की हरलो हे पाहत नाही, निर्णय बरोबर होता की नाही हे पाहतो. चुकीच्या चालीवर मिळालेला विजय हा त्याच्या लेखी तोटाच असतो. हरल्यावर भरपाईच्या ईर्ष्येने डाव वाढविण्याची ऊर्मी आवरणे, हा या अभ्यासाचा सर्वांत अवघड धडा.

हा धडा पत्त्यांपुरता नाही. लासलगावच्या परिसरातील शेतकरी उन्हाळ कांदा चाळीत भरतो, तेव्हा तोही अपुऱ्या माहितीवर डाव मांडीत असतो. किती सडेल, भाव कोठे जाईल, सरकार काय करील, यांपैकी काहीच त्याच्या हाती नसते. 8 डिसेंबर 2023 रोजी निर्यातबंदी आली आणि भाव कोसळले. ज्याने तोवर माल राखला होता, त्याचा निर्णय मूर्खपणाचा होता असे त्यावरून म्हणता येत नाही. फळावरून निर्णयाची पारख करण्याची सवय शाळेतील गुणपत्रिकेपासून लागते. ती मोडण्याचे साधन म्हणून पत्त्यांचा डाव वाईट नाही.

पैसा आला की

येथवर मान्य केल्यावर, मग पैसे लावून खेळण्यास हरकत काय, असे विचारले जाते. हरकत अर्थशास्त्राची आहे. मेजावर पैसा निर्माण होत नाही. एकाचा लाभ तो दुसऱ्याचा तोटा. त्यातून अड्ड्याचा मालक वा कंपनी आपली नाल काढून घेते. सारख्या कुवतीचे खेळाडू बराच काळ खेळत राहिले, तर जिंकतो तो नाल घेणारा. थोड्या निष्णातांना मिळते ते अनेक कच्च्यांच्या खिशातून, आणि नव्याने बसलेला विद्यार्थी या अनेकांत मोडतो. हीच गोष्ट शेअर बाजारातील वायदे-व्यवहारांत दिसून आली आहे. सेबीने 2024 मध्ये दिलेल्या माहितीनुसार तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेल्या. त्यांपैकीही अनेकांना आपण अभ्यास करूनच उतरलो आहोत, असे वाटले असणार.

महाभारताच्या वनपर्वात नळाची कथा आहे. द्यूतात राज्य गमावलेला नळ बाहुक नावाने ऋतुपर्णाचे सारथ्य करीत विदर्भाकडे निघाला असता, राजाने वाटेवरच्या बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नजरेनेच मोजून सांगितली. नळाने शब्दावर विश्वास ठेवला नाही. झाड तोडून मोजदाद केली, ती जुळली, आणि मगच त्याने अश्वविद्येच्या बदल्यात अक्षविद्या घेतली. त्या क्षणी कली त्याच्या देहातून बाहेर पडला, असे कथा सांगते. अंगात संचारलेल्या कलीवर उतारा ठरली ती मोजणी.

तेव्हा कायद्याने पैशांचे मेज बंद केले, एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. बंदीने खेळ थांबतो, मोह थांबत नाही. तो वायदेबाजाराकडे किंवा चोरट्या अड्ड्याकडे वळतो. महाविद्यालयांतील संख्याशास्त्राच्या तासाला बावन्न पानांचा जोड आणि बिनमोलाच्या चकत्या आणावयास कोणतीही मोठी तरतूद लागत नाही. आपल्याच नोंदवहीत पन्नास डावांचा हिशेब मांडलेल्या विद्यार्थ्याला, झटपट श्रीमंतीची जाहिरात पाहिल्यावर, नाल कोणाच्या खिशात जाते, हा प्रश्न पहिल्याप्रथम सुचेल. तेवढे शिक्षण पुरेसे आहे.