राजाचं उत्तर आलं, पण पत्र कुणाचं होतं?



आपण मुलांना पत्र लिहायला शिकवतो, पण ते पत्र पेटीत कधी टाकतो का?

जरा आठवून पाहा. 'तुमच्या मामांना सहलीचं वर्णन करणारं पत्र लिहा.' 'शाळेसाठी पुस्तकांची मागणी करणारं पत्र लिहा.' पत्ता काय, तर अ. ब. क. मुलं वर्षानुवर्षं पत्रं लिहितात आणि त्यातलं एकही कुणापर्यंत पोचत नाही. मामांना माहीतही नसतं की भाच्यानं आपल्याला पत्र लिहिलंय. त्या पत्राचं उत्तर म्हणजे आपल्या लाल पेनानं दिलेले गुण!

मीही हेच करत होते. माझी सवय थोडीफार मोडली ती एका सहलीमुळे.

आमची दुधनी अक्कलकोट तालुक्यात, अगदी कर्नाटकच्या सीमेला लागून. चौथीच्या मुलांना आम्ही अक्कलकोटला नेलं होतं. स्वामी समर्थांचं दर्शन झालं, मग राजवाड्यातलं शस्त्रागार पाहिलं. तलवारी, ढाली, बंदुका पाहून मुलं हरखून गेली. परत येताना एकानं विचारलं, "मॅडम, राजे आता कुठं असतात?"

मी सांगितलं, आपल्याकडे आता राजे राज्य करत नाहीत. अक्कलकोट संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं. पुढे १९७१ मध्ये घटनेची सव्विसावी दुरुस्ती झाली आणि संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. पण जगात काही देशांत राजा-राणी अजून आहेत. युरोपातच ब्रिटन, स्पेन, बेल्जियम, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन ही सात राज्यं आहेत. आपल्या शेजारी भूतान आहे.

लगेच पुढचा प्रश्न आला. "आपण त्यांना पत्र लिहिलं तर ते उत्तर देतील का?"

राजघराण्यांना पत्रं पाठवायची आणि आलेली उत्तरं जपून ठेवायची, असा छंद असलेले लोक जगात आहेत, हे मी वाचलं होतं. म्हटलं, करून बघू.

माझी चूक

वर्गात २१ मुलं. देश सात. प्रत्येक देशाला तीन पत्रं. भूतानचं पुढच्या वेळी बघू म्हटलं. तिकिटांचा खर्च मी आणि दोन पालकांनी मिळून केला. नकाशावर देश शोधले, राजधान्या पाठ झाल्या. लंडनच्या पत्त्यात शेवटी इंग्रजी अक्षरं आणि आकडे एकत्र दिसल्यावर मुलांना मोठं नवल वाटलं. त्या निमित्तानं आपल्या सहा आकडी पिनकोडची गोष्ट सांगता आली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं बसवली आणि ते संस्कृतचे कवीही होते. पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. एका पाकिटावरच्या पत्त्यात एवढा भूगोल असतो!

इथपर्यंत सगळं छान झालं. चूक पुढे झाली.

पत्र इंग्रजीत जाणार, तेव्हा ते नीटनेटकं असावं म्हणून मी फळ्यावर नमुना लिहून दिला. आम्ही अमुक शाळेत शिकतो, आमचं गाव सुंदर आहे, आपणांस आमच्या शुभेच्छा. मुलांनी उतरवून घेतलं, खाली नावं लिहिली. एका मुलीनं मात्र मध्येच मराठीत दोन ओळी घातल्या होत्या. 'आमच्या घरी अव्वा कन्नड बोलते. शाळेत आम्ही मराठी बोलतो. राजाच्या घरी कोणती भाषा बोलतात?'

मी त्या दोन ओळींवर काट मारली. नमुन्यात बसत नव्हत्या ना!

दोन-अडीच महिन्यांनी पाकिटं यायला लागली. जाड, गुळगुळीत कागद, वर राजमुद्रा. शाळेत नुसता गोंधळ. एकूण आठ उत्तरं आली. मी भिंतीवर तक्ता लावला, 'राजघराण्यांकडून आलेली उत्तरं'. पालक बघायला आले, फोटो काढले. खोटं कशाला सांगू, मलाही अभिमान वाटला.

चार दिवसांनी मुलांनी दोन गोष्टी दाखवून दिल्या.

पहिली गोष्ट. एकाच राजवाड्यातून तिघांना उत्तरं आली होती. त्यातलं नाव सोडलं तर शब्द न् शब्द सारखा. एक मुलगा हिरमुसून म्हणाला, "मॅडम, तिघांना एकच कसं लिहिलं?" मी काही बोलायच्या आत ती कन्नड बोलणारी मुलगी म्हणाली, "आपण पण सगळ्यांनी एकच लिहिलं होतं ना."

दुसरी गोष्ट. आठ मुलं तक्त्यासमोर उभी राहायची. उरलेली तेरा तिकडे फिरकेनाशी झाली. त्यातल्या एकानं घरी सांगितलं, 'माझं अक्षर चांगलं नाही म्हणून राजानं उत्तर दिलं नाही.' त्याच्या आईनं मला हे सांगितलं तेव्हा माझा सगळा अभिमान उतरला. पत्रानं मुलाला धीर यावा म्हणून आपण हा खटाटोप करतो, आणि इथं त्यानंच मुलगा खचला.

उत्तरं मोजू नका, पत्रं मोजा

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. राजघराण्यांना पत्रं पाठवण्याचा उपक्रम चांगला आहे, जरूर करा. पण उत्तरं जमवण्यासाठी करू नका. उत्तरं जमवायची म्हटली की पत्र म्हणजे मासे धरायचा गळ होतो. मग काय लिहिलं याला किंमत उरत नाही, काय हाती लागलं यालाच उरते. लिहिणं मुलाच्या हातात असतं, उत्तर येणं नसतं. जे मुलाच्या हातात नाही त्याचा तक्ता भिंतीवर कशाला लावायचा?

मुलांना खरं तेच सांगावं. राजा काही प्रत्येक पत्र स्वतः वाचून स्वतः उत्तर लिहीत नाही. राजवाड्यात पत्रव्यवहार सांभाळणारी माणसं असतात. एलिझाबेथ राणी २०२२ मध्ये वारल्या. त्यांच्या काळात मुलांच्या पत्रांना पुष्कळदा त्यांच्या वतीनं त्यांच्या मानकरी स्त्रिया उत्तर देत. हे कळलं म्हणून मुलांचा हिरमोड होत नाही. चौथीच्या मुलाला शिवछत्रपतींचा इतिहास असतो. महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी, हे सांगितलं की मुलं लगेच ओळखतात, 'म्हणजे हे त्यांचे चिटणीस!' आलेल्या पत्राला उत्तर गेलंच पाहिजे अशी शिस्त लागते आणि त्यासाठी माणसं नेमावी लागतात, हा त्यातला खरा धडा. छापील का असेना, दुधनीच्या पोराला कुणीतरी उत्तर पाठवलं, ही शिस्त कौतुकाचीच आहे.

आणखी एक गंमत सांगते. ब्रिटिश राजघराण्याच्या संकेतस्थळावर राजाला पत्र लिहिताना मायना कसा असावा, शेवट कसा करावा याची जुनी रीत दिली होती. पण सोबत असंही म्हटलं होतं की ही रीत पाळलीच पाहिजे असं नाही, तुम्हाला सोयीचं वाटेल तसं लिहा. राजाला मायना चुकलेला चालतो. आपण मात्र अर्धा गुण कापतो!

'राजाला पत्र कशाला?'

आमच्या एका सहकाऱ्यांचा आक्षेप होता. आपण लोकशाही शिकवतो, मग मुलांना राजा-राणीपुढे कशाला वाकायला लावायचं? आक्षेप वाजवी आहे, म्हणून त्याचं उत्तर आपल्याच इतिहासातून देते.

सातारचे छत्रपती प्रतापसिंह यांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवलं. तेव्हा आपलं अक्कलकोट सातारच्या छत्रपतींच्या जहागिरींपैकी एक होतं. प्रतापसिंहांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षं तिथं राहिले. अर्ज, निवेदनं, भाषणं, सगळं केलं. न्याय मिळाला नाही. महाराज १८४७ मध्ये काशीलाच वारले, राज्यही खालसा झालं. १८५३ मध्ये रंगो बापूजी रिकाम्या हातानं परतले. उत्तर मिळालं नाही म्हणून त्यांचं लिहिणं कमी दर्जाचं होतं, असं कुणी म्हणेल का? अक्षराची लाज वाटणाऱ्या त्या मुलाला मी हीच गोष्ट सांगितली.

आता दुसरं चित्र पाहा. २००३ मध्ये प्रिन्स चार्ल्स मुंबईत आले आणि चर्चगेटला डबेवाल्यांना भेटले. पुढे २००५ मध्ये त्यांच्या लग्नाला दोन डबेवाल्यांना निमंत्रण आलं. डबेवाल्यांनी वधूसाठी नऊवारी पाठवली. मागितलं काहीच नाही. आहेराला आहेर, आपली मराठी रीत.

रंगो बापूजींना दाद मागावी लागत होती, कारण न्याय परक्याच्या हातात होता. डबेवाल्यांना काहीच मागायचं नव्हतं. स्वतंत्र देशाच्या मुलानं राजाला पत्र लिहावं ते असं, ओळखीचं, बरोबरीचं. फोटो द्या, सही द्या, भेट पाठवा असं लिहायचंच नाही. आपलं सांगायचं, त्यांचं विचारायचं.

आणि राजाला लिहिलं तसं आपल्या नगरपरिषदेलाही लिहावं. आम्ही शाळेच्या रस्त्यावरच्या अंधाराबद्दल एका कार्यालयाला पत्र लिहिलंय. त्यावर काही झालं नाही, पण मुलांनी स्मरणपत्र तयार केलंय. 'स्मरणपत्र' हा शब्द त्यांना पुस्तकातून कधीच कळला नसता.

करून पाहायचं असेल तर

• फळ्यावर नमुना देऊ नका. मुलानं आधी आपल्या भाषेत, मनातलं लिहावं. इंग्रजी भाषांतर वेगळ्या कागदावर जोडा, मूळ पत्रही सोबत पाठवा.

• प्रत्येक पत्रात त्या मुलाचा स्वतःचा एक तरी प्रश्न हवा.

• पत्ता शाळेचाच द्या. मुलाच्या घरचा पत्ता, फोन नंबर देऊ नका. पालकांची संमती आधी घ्या.

• परदेशी टपालाचा दर पोस्टात विचारून घ्या, मुलांना सोबत न्या. तिकीट त्यांनाच चिकटवू द्या.

• उत्तर येईलच असं वचन देऊ नका. आलं तर ते सगळ्या वर्गाचं.

• आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. वर्गात एक पत्रपेटी ठेवा. मुलांनी तुम्हाला लिहावं आणि आठवड्याच्या आत तुम्ही प्रत्येकाला उत्तर लिहावं. चार ओळी पुरतात.

पालकहो, तुम्हीसुद्धा. मूल वहीच्या कागदावर तुम्हाला काही लिहून देतं, तेव्हा 'हो हो, छान आहे' म्हणून बाजूला ठेवू नका. त्याच कागदामागे दोन ओळी लिहून द्या. आपण लिहिलं की कुणीतरी ते वाचतं, हा विश्वास मुलाला राजवाड्यातून मिळायची वाट कशाला बघायची?

आमच्या वर्गातला तो तक्ता मी काढला. आता तिथं मुलांनी पाठवलेल्या पत्रांच्या प्रती आहेत, सगळ्या २१ जणांच्या. वेड्यावाकड्या अक्षराची सुद्धा.

आणि त्या मुलीच्या काटलेल्या दोन ओळी? मी तिची माफी मागितली. मग आम्ही दोघींनी शोध घेतला की कोणत्या राजाला हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. बेल्जियम सापडलं. तिथं डच, फ्रेंच आणि जर्मन अशा तीन अधिकृत भाषा आहेत. २१ जुलै २०१३ रोजी राजे फिलिप यांनी पदाची शपथ घेतली ती तिन्ही भाषांत. हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच आहे त्यांचं!"

तिनं नवं पत्र लिहिलं. घरात कन्नड, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी. तुम्ही घरात कोणत्या भाषेत बोलता? आणि रागवता कोणत्या भाषेत?

हा शेवटचा प्रश्न मला सुचला नसता. या वेळी माझा लाल पेन खिशातच राहिला. पत्र गेल्या महिन्यात गेलंय.

तुमच्या शाळेत काय घडलं ते मलाही लिहा. उत्तर नक्की देईन.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
दुधनी, ता. अक्कलकोट, जि. सोलापूर