ओपीजीवरून दाताच्या मुळांचा निकाल लावू नका

‘ओपीजीत मुळं आखूड दिसतायत, तारा काढून टाकू’ आणि ‘ओपीजीत मुळं ठीक आहेत, काळजी नको’ ही दोन्ही वाक्यं दवाखान्यांत ऐकू येतात. पहिल्यामुळे चांगले चाललेले उपचार अर्धवट सुटतात, दुसऱ्यामुळे खरी झीज नजरेआड राहते. माझं मत स्पष्ट आहे: पुढच्या दातांबद्दल असा निर्णय एकट्या ओपीजीवर घेणं चूक आहे.

तारांनी दात सरकवताना मुळाचं टोक थोडं झिजणं बहुतेकांत होतं. सहसा ही झीज किरकोळ राहते आणि तारा काढल्यावर थांबते. मुळाचा एक तृतीयांश भाग जाण्याइतकी झीज मोजक्याच रुग्णांत होते. सर्वात जास्त धोका वरच्या पटाशीच्या दातांना असतो, आणि नेमका तिथेच ओपीजी कच्चा आहे.

ओपीजीचं मशीन डोक्याभोवती फिरतं आणि घोड्याच्या नालासारखा एक पट्टाच स्पष्ट टिपतं. समोरच्या दातांपाशी हा पट्टा अरुंद असतो. डोकं जरा चुकीच्या जागी ठेवलं किंवा दात पुढे झुकलेला असला, की मुळाचं टोक पट्ट्याबाहेर जातं, पुसट होतं आणि मूळ आखूड भासतं. त्यात तारा दाताचा कलच बदलतात. मग दोन ओपीजींतला फरक झिजेचा की कलाचा, हे कसं ठरवणार? २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत ओपीजीने आयओपीएपेक्षा झीज २० टक्के किंवा त्याहून जास्त दाखवली. उलट, सीबीसीटीत दिसलेली झीज ओपीजीत निसटल्याचंही आढळलं आहे. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होते.

‘मग सगळ्यांचाच सीबीसीटी करा’ हेही मला मान्य नाही. त्यात किरणांचा डोस ओपीजीच्या कित्येक पट असू शकतो, आणि तारा लावणाऱ्यांत मुलंच जास्त. हिरडीत अडकलेला सुळा शेजारच्या मुळाला घासतोय अशी शंका असेल, तर सीबीसीटी जरूर करावा. सरसकट नको.

योग्य उपाय साधा आणि स्वस्त आहे: आयओपीए, म्हणजे तोंडात दाताजवळ सेन्सर ठेवून काढलेला छोटा एक्स-रे. तो होल्डर वापरून, दर वेळी त्याच पद्धतीने काढायला हवा. मुळाच्या ओठाकडच्या किंवा टाळूकडच्या बाजूची झीज त्यातही लपू शकते, पण टोकाची लांबी तो ओपीजीपेक्षा खूप भरवशाने दाखवतो.

म्हणून तारा लावण्याआधी डॉक्टरांना विचारा: पुढच्या दातांचा आयओपीए काढणार का? सहा ते नऊ महिन्यांनी तसाच पुन्हा काढणार का? झीज दिसली तर दोन-तीन महिने थांबणार का? हे प्रश्न विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. आणि ओपीजी पाहून कुणी घाईने तारा काढायला सांगितल्या, तर आधी आयओपीए मागा. निर्णय त्यानंतर.