दगडाची गोष्ट

विठाबाई नारायणगांवकर हें नांव निघालें कीं आमच्या सुशिक्षित घरांतून एकच गोष्ट सांगण्यांत येते. दिवस भरलेली ही बाई तमाशाच्या बोर्डावर नाचत होती. नाचतां नाचतां कळा सुरू झाल्या. ती आडोशाला गेली, बाळंत झाली, दगडानें नाळ ठेचून मोकळी झाली आणि पोट आवळून पुन्हां बोर्डावर उभी राहिली. सांगणारे पुढें असेंहि जोडतात कीं, प्रेक्षकांच्या ध्यानांत हा प्रकार आला तेव्हां त्यांनीं हात जोडले आणि खेळ थांबविण्यास सांगितलें. ऐकणारांच्या डोळ्यांत पाणी येतें, ‘केवढी ही कलानिष्ठा!’ असा उद्गार निघतो, आणि बोलणें दुसऱ्या विषयाकडे वळतें.

गोष्ट खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें भांडण आहे तें तिच्या उपयोगाशीं. या एका गोष्टीनें विठाबाईंची कला गिळून टाकिली आहे, आणि ती तशी गिळली जावी हें आम्हां पांढरपेशांस सोयीचेंच झालें आहे. कारण कलेची पारख करावयाची तर तमाशाच्या कनातींत जाऊन बसावें लागतें, दुःखाचें कौतुक मात्र घरबसल्या करतां येतें.

विठाबाईंचा आवाज कसा होता? लावणीचा अंतरा उचलतांना त्या ढोलकीवाल्यास कोठें अडवीत आणि कोठें सोडीत? वगांत भाषण कसें चढवीत? त्यांच्या गवळणींत आणि कांताबाई सातारकरांच्या गवळणींत फरक कोणता? दगडाच्या गोष्टीनें ज्यांचे डोळे पाणावतात त्यांपैकीं शंभरांत एकालाहि यांतील एका प्रश्नाचें उत्तर देतां यावयाचें नाहीं. बालगंधर्वांची गोष्ट याच्या शेजारीं ठेवून पाहावी. १९११ सालीं ‘मानापमाना’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीं त्यांची मुलगी वारली आणि तरीहि ते तोंडाला रंग लावून उभे राहिले, ही गोष्टहि आम्ही भक्तिभावानें सांगतों. परंतु ती सांगून आम्ही थांबत नाहीं. त्यांची तान, त्यांचा शालू, त्यांच्या चालण्यांतील नजाकत, त्यांच्या पदांतील लाडिकपणा यांविषयीं आमच्या आजोबांनीं वाद घातले, आमच्या वडिलांनीं ध्वनिमुद्रिका जपल्या. तेथें दुःख हा कलेच्या चरित्रांतील एक प्रसंग ठरला. येथें दुःख हेंच सगळें चरित्र ठरलें. हा भेद कोठून आला हें सांगण्यास फार संशोधन नको. एक कलावंत ‘आपला’ होता. दुसरी मांगाची पोर होती.

वास्तविक विठाबाईंचें चरित्र या दगडापाशीं संपत नाहीं. १९३५ सालीं पंढरपूर येथें त्यांचा जन्म झाला. घराणें नारायणगांवचें, आणि आजोबा नारायण खुडे यांच्यापासून तमाशाचें. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा ‘भाऊ-बापू मांग नारायणगांवकर’ हा फड नांवाजलेला होता. त्यांत ही मुलगी लहान वयांतच उभी राहिली आणि पुढें फडच तिच्या नांवानें चालूं लागला. हें शेवटचें वाक्य वाचकांनीं सहज ओलांडून जाऊं नये. ढोलकी फडाची मालकीण होणें म्हणजे दसऱ्यापासून वैशाखापर्यंत रोज नव्या गांवीं माणसें, तंबू, पेट्या आणि चुली हलविणें. हंगामाच्या आधीं सावकाराकडून कर्ज काढून कलावंतांच्या उचली देणें. आणि रात्रीं स्वतः चाळ बांधणें. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग असा हा खेळ रात्रभर चाले. वगाची पुष्कळशी भाषणें लिहिलेलीं नसत. कथेचा सांगाडा ठरलेला, बोलणें मात्र उभ्या जागीं सुचलेलें. ढोलकी, हलगी आणि झीलकऱ्यांच्या ‘जी जी’ वरून आवाज फेकावयाचा, समोरून आलेल्या टोमण्याला तालांतच उत्तर द्यावयाचें, आणि त्याच रात्रीं राजाची राणी होऊन लोकांस रडवावयाचें. आमच्या नाट्यगृहांतील किती नटींस हें साधेल याची शंकाच आहे. १९६२ च्या युद्धकाळांत विठाबाईंनीं जवानांपुढें खेळ केले. १९५७ आणि १९९० असा दोनदां त्यांस राष्ट्रपतींकडून गौरव मिळाला. आणि १५ जानेवारी २००२ रोजीं त्या वारल्या तेव्हां शेवटच्या दुखण्याचा खर्च दात्यांच्या मदतीवर भागवावा लागला होता. चार वर्षांनीं, २००६ सालीं, राज्य सरकारनें त्यांच्या नांवानें जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तो कांताबाई सातारकर, विठाबाईंच्याच कन्या मंगला बनसोडे अशा योग्य हातांत गेला हें चांगलेंच झालें. मात्र पैशाची गरज होती ती बाई जिवंत असतांना.

आतां त्या दगडाकडेच पुन्हां वळूं. गोष्टीचा शेवट प्रेक्षकांच्या हात जोडण्यानें होतो, आणि त्या जोडलेल्या हातांनीं ऐकणारेहि दोषमुक्त होतात. पण नऊ महिन्यांची गर्भार बाई बोर्डावर होतीच कशाला, हें कोणी विचारीत नाहीं. कलानिष्ठेसाठीं? निष्ठा होती यांत संशय नाहीं. परंतु मुख्य नाचणारीण उभी राहिली नाहीं तर तिकिटाचे पैसे परत मागणारे, कनातीवर धोंडे टाकणारे, आणि सकाळीं हप्त्यासाठीं येणारा सावकार हेहि त्या रात्रीं हजरच होते. त्यांनीं जें करावयास लावलें त्याला निष्ठा म्हणून मोकळें होणें म्हणजे ओझ्यानें वांकलेल्या हमालास नम्र म्हणण्यासारखें आहे. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यांत गिरण्या, खाणी व मळे यांच्या जोडीला घोड्यांच्या, शारीरिक कसरतींच्या आणि तत्सम इतर खेळांच्या संस्थांचाहि पुढें समावेश झाला. कायदा करणारांस निदान सर्कशीची आठवण झाली. ती ओळ तमाशाच्या राहुटीपर्यंत पोहोंचलेली आम्हांस दिसली नाहीं.

कोणी म्हणेल कीं, नाचणारणीचें प्राक्तन सर्वत्र असेंच असतें. तर मग ज्या पॅरिसच्या नाचगाण्याविषयीं आमच्यांतील इंग्रजी वाचलेले गृहस्थ मिटक्या मारून बोलतात, तेथें काय घडलें तें पाहावें. मिस्तँगेत या नटीनें आपल्या पायांचा विमा उतरविला होता, ही गोष्ट त्यांस ठाऊक असते. जोसेफिन बेकर हिची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. १९०६ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई येथें अत्यंत गरीब काळ्या कुटुंबांत जन्मलेली ही मुलगी १९२५ सालीं पॅरिसला आली आणि दुसऱ्या वर्षीं फोली बर्जेरच्या रंगमंचावर केळ्यांचा घागरा नेसून नाचली. टाळ्या वाजविणाऱ्या पॅरिसच्या मनांत त्या वेळीं कला कमी आणि काळ्या अंगाचें कुतूहल अधिक होतें, हें आम्ही लपवीत नाहीं. कर्जापायीं १९६९ सालीं तिला आपल्या वाड्यांतून बाहेर काढण्यांत आलें, हेंहि खरें. पॅरिसचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहींच. परंतु तिचा नाच चित्रफितींवर आहे, तिचीं गाणीं तबकड्यांवर आहेत. तिच्या अंगविक्षेपांतील विनोद कोठला आणि ताल कोठला यावर विद्वान लोक ग्रंथ लिहितात. महायुद्धांत तिनें फ्रान्ससाठीं हेरगिरी केली, सैनिकांपुढें गाइली. आणि ३० नोव्हेंबर २०२१ रोजीं तिला पँतेआँमध्यें, म्हणजे जेथें व्होल्तेर आणि ह्यूगो विसावले आहेत त्या राष्ट्रीय समाधिमंदिरांत, मानाची जागा मिळाली. तो मान तिच्या हालांना मिळालेला नव्हता. ती नाचली, गाइली आणि लढली, हें तेथें उच्चारलें गेलें.

आमच्या नांदेड जिल्ह्यांत लोहा तालुक्यांतील माळेगांव येथें मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची यात्रा भरते. नांदेड आणि लातूर या दोहोंकडील लोक तेथें लोटतात. घोड्यांचा बाजार प्रसिद्ध आहे, आणि फडांचे तंबूहि. सुशिक्षित कुटुंबें जातात, देवाला भंडारा वाहतात, घोडे पाहतात, मुलांस रेवड्या घेऊन देतात. आणि तमाशाच्या तंबूवरून जातांना मुलांचा हात अंमळ घट्ट धरून पावलें उचलतात. जिल्हा परिषदेच्या लावणी महोत्सवाला खुर्चीवर बसण्यास मात्र हरकत वाटत नाहीं. तेथें उद्घाटन असतें, हारतुरे असतात. लावणी तीच, बाईहि पुष्कळदां त्याच फडांतली. तिकीट काढून पाहिली तर बदनामी आणि निमंत्रणपत्रिकेवर पाहिली तर संस्कृति, असा हा न्याय आहे.

यावर दोन आक्षेप नेहमीं येतात. पहिला अश्लीलतेचा. १९४७ च्या सुमारास मुंबई सरकारनें तमाशावर बंदी घातली, पुढें दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखालीं तमाशा सुधार समिति नेमली, आणि शब्दाशब्दांची झडती सुरू झाली. मराठवाडा त्या वेळीं निजामी राज्यांत असल्यानें ती आज्ञा आमच्याकडे लागू नव्हती. तो तिरस्कार मात्र सरहद्द ओलांडून आला. द्व्यर्थी गाणीं होतीं आणि आहेत. त्यांतील कांहीं टुकार आहेत. पण अश्लील काय याची एवढी चर्चा झाली त्याअर्थीं आम्हीहि एक विचारतों: कळा येणाऱ्या बाईला खेळ पुरा करावयास लावणें यांत अश्लील कांहीं आहे काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो डॉ. आंबेडकरांच्या नांवानें येतो. महाडच्या सत्याग्रहाच्या सुमारास पठ्ठे बापूरावांनीं तमाशाच्या खेळांचें उत्पन्न देऊं केलें असतां बाबासाहेबांनीं तें नाकारलें, असें सांगितलें जातें. बापूराव ब्राह्मण, ज्यांच्या नाचावर फड उभा होता त्या पवळाबाई महार. त्या नकाराचा रोख पवळाबाईंवर नव्हता. ठराविक जातींच्या स्त्रियांच्याच वांट्याला हें नाचणें घालणाऱ्या व्यवस्थेवर होता. आमच्या दिवाणखान्यांत हा दाखला दिला जातो तेव्हां त्यांतील जात नेमकी गळून पडते आणि उरतो तो निव्वळ नाचगाण्याचा तिटकारा. शैलजा पैक यांनीं २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथांत तमाशांतील हा जातीचा धागा बारकाईनें उलगडला आहे. ज्यांस आंबेडकरांचा दाखला द्यावयाचा असेल त्यांनीं तो आधीं वाचावा. शिवाय ज्या स्त्रीला धंदा सोडून जाण्याची वाट आपण मोकळी केली नाहीं, तिच्या धंद्यांतील कसबालाहि नांव द्यावयाचें नाहीं, हा दुहेरी कंजूषपणा झाला.

विठाबाईंच्या जीवनावर एक हिंदी चित्रपट निघत असल्याचीं वृत्तें २०२५ सालीं आलीं. त्यांत दगड असणार हें सांगण्यास ज्योतिषी नको. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. पडद्यावर तो एकदां आला कीं आणखी लाखों लोक हळहळतील एवढेंच. आमची अपेक्षा चित्रपटवाल्यांकडून नसून येथल्यांकडून आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठानें माळेगांवीं उतरणाऱ्या फडांचे वग गणापासून शेवटापर्यंत मुद्रित करावेत, त्यावर ढोलकीवाल्याचें आणि झीलकऱ्याचेंहि नांव घालावें, आणि कलावंतांस त्याचा मोबदला द्यावा. जिल्हा परिषदेनें हारतुऱ्यांच्या खर्चांतून तंबूमागें स्त्रियांसाठीं एक पक्की खोली, पाणी आणि यात्रेपुरती एक सुईण ठेवावी. आणि नाटकांचीं परीक्षणें लिहिणाऱ्या आमच्या मित्रांनीं येत्या मार्गशीर्षांत तिकीट काढून तंबूंत बसावें. कोणाची गवळण रंगली, कोण बेसूर झालें, कोणाची बतावणी पडली, हें नांवानिशीं लिहावें. पहिल्या तासाभरांत उठून येणारांनीं मात्र लिहूं नये. वग रात्रीं फार उशीरां सुरू होतो, आणि थंडी पुष्कळ असते. घोंगडी बरोबर न्यावी.