आधी भाषा बंद झाली

'द टू टॉवर्स' सिनेमात हेल्म्स डीपला माणसांच्या मदतीला एल्फांची फौज येते, तो सीन आठवतोय ना? अंगावर काटा येतो! पण टॉल्किनच्या पुस्तकात ही फौज येतच नाही. माणसं आणि एल्फ तोवर एकमेकांपासून लांब गेलेले असतात.

असं का झालं, ते १९७७मध्ये आलेल्या 'द सिल्मरिलियन'मध्ये वाचा. न्यूमेनॉर बेटावरच्या माणसांना एल्फांनी भरभरून दिलं. पण पुढच्या राजांना एकच गोष्ट खुपायला लागली. एल्फ मरत नाहीत, मग आपणच का मरायचं? युद्धाची गलबतं फार नंतर निघाली. त्याआधी एल्फांची भाषा बोलायला बंदी आली. शेवटी अख्खं बेट समुद्रात बुडालं. वाचले ते एल्फांशी मैत्री टिकवणारे एलेन्डिलचे मोजके लोक. पुढे सॉरॉनविरुद्ध एल्फांच्या खांद्याला खांदा लावून तेच लढले.

आपल्या ग्रुपमध्येही कुणाचे मार्क, कुणाचं इंग्लिश खुपतं. मग त्याच्या गावाकडच्या बोलीची नक्कल सुरू होते आणि सगळे हसतात. पुढच्या वेळी तुम्ही हसू नका. एवढं तर जमेल ना?