स्वस्त इन्शुरन्स? आधी आयडीव्ही बघा!

स्पोर्ट्स बाइक घेताना पिकअप, टॉप स्पीड सगळं विचारता. इन्शुरन्सचं मात्र 'सगळ्यात स्वस्त कुठला?' एवढंच! थर्ड पार्टीचा दर सगळीकडे सारखाच, तो सरकार ठरवतं. ३५० सीसीच्या वर गेलात की तो दुपटीहून जास्त. फरक पडतो तो 'ओन डॅमेज'मध्ये. तिथे कुणी हप्ता फारच कमी सांगितला, तर आयडीव्ही, म्हणजे गाडीची धरलेली किंमत बघा. ती कमी असेल, तर गाडी चोरीला गेल्यावर हातातही तेवढेच कमी येणार. पैसे वाचवायचेत? किरकोळ क्लेम टाळा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल, तर ओन डॅमेजच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. आणि इंजिनात केलेला बदल कंपनीपासून लपवू नका. क्लेम नाकारला, तर बिल आई-बाबांच्याच खिशातून जाणार ना?